न झालेल्या गोलाची नोंद

बँकेच्या कर्ज विभागात ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. शाखेने किती कर्जवाटप केले याचा आकडा दर महिन्याला वरिष्ठ कार्यालयात जातो आणि त्यावर कौतुकाची पत्रेही येतात. परंतु एखाद्या अधिकाऱ्याने कागदपत्रे बारकाईने वाचून, चौकशी करून जे बुडणारे कर्ज दिलेच नाही, त्याचा आकडा कोणत्याही तक्त्यात आढळत नाही. जे घडले नाही ते लिहिण्यासाठी ताळेबंदात रकानाच नसतो. फुटबॉलच्या मैदानावर बचावपटूच्या वाट्याला नेमका हाच अनुभव येतो. आघाडीच्या खेळाडूने गोल केला की त्याचे नाव फलकावर झळकते. मागे उभ्या असलेल्या खेळाडूने नव्वद मिनिटांत पाच वेळा होऊ घातलेला गोल परतवून लावला, तरी फलकावरचे शून्य शून्यच राहते. ते शून्य राखण्यासाठीच त्याला मोबदला मिळत असतो.

वाचकहो, अर्थव्यवहाराच्या या सदरात फुटबॉल कोठून आला, असा प्रश्न आपणांस पडेल. त्याचे कारण आपल्याच परिसरात आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात आज अनेक घरांतील मुले पहाटे उठून फुटबॉलच्या सरावाला जातात. गेल्या पावसाळ्यात अंबरनाथ येथील एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांचे कापडाचे दुकान आहे. सोळा वर्षांचा मुलगा चिखलाने माखलेले बूट दाराबाहेर काढून आत आला. वडिलांनी माझ्यादेखतच विचारले, “वर्षभरात एवढे सामने खेळलास, गोल किती केलेस?” मुलगा म्हणाला, “पप्पा, मी मागे खेळतो.” “म्हणजे एकही नाही!” असे म्हणून वडील हसले. मुलगा हसला नाही. तो आत गेल्यावर त्याच्या आईने मला हळूच विचारले, “काका, यात पुढे पोट भरतं का हो? पस्तिसाव्या वर्षी हा काय करेल?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मागे खेळणारा नेमके काय कमावतो, आणि त्या कमाईवर आयुष्य उभे राहते का? या दोन्हींचे उत्तर एका मुंबईकर बचावपटूच्या कारकिर्दीतून शोधता येईल. त्यांचे नाव राहुल भेके.

भेके यांचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत झाला. ते वयात आले तो काळ मुंबईच्या फुटबॉलसाठी संक्रमणाचा होता. त्यापूर्वीच्या पिढ्यांना फुटबॉल म्हणजे नोकरी, हे समीकरण ठाऊक होते. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, आरसीएफ, एअर इंडिया, रेल्वे आणि कित्येक बँका यांचे संघ कूपरेज मैदानावर खेळत. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकासाठी देशभरातील संघ मुंबईत येत. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे आणि सरावासाठी कामाच्या वेळेत सवलत असे. खेळ थांबला की तोच माणूस टेबलापाशी बसून निवृत्तीपर्यंत काम करी आणि भविष्यनिर्वाह निधी घेऊन घरी जाई. वेतन मोठे नव्हते, परंतु गुडघा दुखावला म्हणून चूल विझत नसे. आयुध निर्माणीच्या वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्या अंबरनाथकरांना ही व्यवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

हे समीकरण भेके यांच्या उमेदवारीच्या काळातच मोडले. महिंद्र युनायटेडसारखा मातब्बर संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी या संस्थात्मक संघांना व्यावसायिक परवान्याच्या अटींमुळे आय-लीगमधून बाहेर पडावे लागले. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी हा क्लब २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि पाठोपाठ विसर्जित झाला. एफसी पुणे सिटीचा कारभार २०१९ मध्ये आटोपला. भेके मुंबई एफसीकडून खेळले होते, आणि २०१६ च्या हंगामात पुणे सिटीकडूनही. म्हणजे ज्या दोन आस्थापनांत त्यांनी सेवा केली, त्यांचे आज नावही उरलेले नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या माणसाच्या अनुभवपत्रातील निम्मे मालक पडताळणीसाठी सापडणार नाहीत. तरीही कारकीर्द थांबली नाही, कारण प्रत्येक दार बंद होण्यापूर्वी पुढचे दार उघडावे इतके काम त्यांनी मैदानावर केलेले होते.

२०१४ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेले. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली. आरंभीची काही वर्षे ही लीग दोन-अडीच महिन्यांचीच असे. त्यामुळे खेळाडू वर्षाचा काही भाग आय-लीगच्या क्लबकडे आणि काही भाग सुपर लीगच्या क्लबकडे उसनवारीने खेळत. भेके २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे आणि २०१६ मध्ये पुण्याकडे गेले ते याच पद्धतीने. २०१७ मध्ये त्यांनी बेंगळुरू एफसीत प्रवेश केला आणि तेथे त्यांचे बस्तान बसले.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. मागे खेळणारा करतो काय? सामान्य प्रेक्षकाला वाटते की तो चेंडू आला की दूर लाथाडतो. वस्तुतः त्याचे निम्मे काम चेंडू नसलेल्या जागी चालते. चार बचावपटू एका ओळीत उभे असतात. ऑफसाइडच्या नियमानुसार, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी आक्रमक खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि विरोधी संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पलीकडे असला, तर त्याला खेळात भाग घेता येत नाही. म्हणून ही चौघांची ओळ एकाच वेळी पुढे सरकते आणि एकाच वेळी मागे येते. तिघे पुढे आले आणि चौथा दोन पावले मागे रेंगाळला, तर त्या एकामुळे समोरच्या आक्रमकाला रान मोकळे होते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकाने शिस्त मोडली की दुसऱ्याच्या सचोटीचा उपयोग उरत नाही. बचावाची फळी हा असाच संयुक्त ताबा आहे.

त्यात आणखी एक कठोरपणा आहे. आघाडीवीराने नऊ संधी दवडल्या आणि दहावी साधली, तर दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात त्याचे छायाचित्र येते. बचावपटूने नऊ संकटे परतवली आणि दहाव्या वेळी त्याचा पाय घसरला, तर त्याचेच नाव चुकीसाठी छापले जाते. स्पष्ट गोलसंधी हिरावण्यासाठी समोरच्याला पाडले, तर बहुधा लाल कार्ड मिळते आणि संघाला उर्वरित वेळ दहा जणांनिशी खेळावे लागते. या कामात उतावळेपणा चालत नाही, आणि घाबरटपणाही चालत नाही. म्हणूनच बचावपटू बहुधा उशिरा पिकतो. केरळचे अनस एडाथोडिका यांचे उदाहरण पाहा. किशोरवयात त्यांनी रिक्षा चालवली, मुंबई एफसी आणि पुणे एफसी या महाराष्ट्रातील क्लबांसाठी अनेक वर्षे बचाव सांभाळला, आणि राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळले तेव्हा वयाची तिशी उलटली होती. भेके यांनाही हा मान सहजी मिळाला नाही. ५ जून २०१९ रोजी थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत कुरासाओविरुद्ध ते भारताकडून प्रथम खेळले, तेव्हा त्यांचे वय २८ होते. भारत तो सामना १–३ असा हरला.

गंमत अशी की, गोल न होऊ देणे हे ज्यांचे काम, त्या भेके यांचे नाव भारतीय फुटबॉलच्या इतिहासात लागले ते गोल करण्यामुळे. कॉर्नर मिळाला की उंच आणि हेडिंगमध्ये तरबेज असलेले बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या गोलपाशी जातात. त्या काही क्षणांसाठी मागचे घर जवळपास उघडे राहते. त्यामुळे कोणी जायचे, कोणी थांबायचे आणि चेंडू हातचा गेला तर कोणी किती वेगाने परतायचे, हे आधी ठरलेले असते. १७ मार्च २०१८ रोजी सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बेंगळुरू संघ स्वतःच्या मैदानावर चेन्नईयिनकडून २–३ असा हरला. त्यात चेन्नईयिनचे पहिले दोन गोल मायलसन आल्व्हेस या बचावपटूने हेडरने केले होते. महिन्याभराने, एप्रिल २०१८ मध्ये, भुवनेश्वर येथे सुपर कपचा अंतिम सामना झाला. जुन्याच क्लबने, ईस्ट बंगालने, आघाडी घेतली असता बेंगळुरूला बरोबरी साधून दिली ती भेके यांनी, आणि संघ पुढे ४–१ असा जिंकला.

बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, बेंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात होता. मैदान अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनाचे होते आणि समोर एफसी गोवा संघ होता. निर्धारित वेळेत गोल झाला नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहू यांना मैदान सोडावे लागले. ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादो यांच्या कॉर्नरवर भेके यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि बेंगळुरूने प्रथमच लीगचे विजेतेपद मिळवले. सामन्यातला तो एकमेव गोल होता. दोन तास गोल वाचवीत राहिलेल्या माणसाने, पाय जड झालेले असताना, आपल्याच जन्मगावी तो केला.

२०२१ मध्ये ते मुंबई सिटी एफसीत दाखल झाले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईची गाठ इराकच्या एअर फोर्स क्लबशी पडली. मुंबई २–१ अशी जिंकली आणि विजयी गोल भेके यांच्या हेडरचा होता. या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिलाच विजय. पुढे २०२२–२३ ची लीग शील्ड मुंबईने जिंकली. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, यजमान मोहन बागानला ३–१ असे नमवून मुंबईने अंतिम चषकही जिंकला, तेव्हा कर्णधार होते राहुल भेके. त्यानंतर ते बेंगळुरूला परतले. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध त्यांनी भारतासाठी पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला. चौतिसावा वाढदिवस तेव्हा तीन आठवड्यांवर आला होता. बहुतेक आघाडीवीर ज्या वयात बूट खुंटीला टांगतात, त्या वयात या माणसाच्या खात्यावर नवी नोंद जमा झाली.

येथवरचा वृत्तांत ऐकून कोणत्याही मुलाचे डोळे चमकतील. परंतु आईच्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे, आणि ते देण्यासाठी २०२५ च्या जुलै-ऑगस्टकडे पाहावे लागते. सुपर लीग चालविण्यासंबंधी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यावसायिक भागीदार कंपनी यांच्यात २०१० मध्ये १५ वर्षांचा करार झाला होता. त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नव्या कराराचा निर्णय लागला नाही आणि जुलैमध्ये पुढचा हंगाम स्थगित असल्याचे क्लबांना कळविण्यात आले. ऑगस्टच्या आरंभी बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू आणि कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. अन्य काही क्लबांनीही आपले कामकाज थांबवले. बेंगळुरू म्हणजे आधीच्या एप्रिलमध्ये अंतिम सामना खेळलेला, उत्तम व्यवस्थापनासाठी नावाजलेला क्लब. यात खेळाडूंचा खेळ कोठेही कमी पडला नव्हता. दोन संस्थांमधल्या एका कागदाची मुदत संपली आणि शेकडो घरांतील महिन्याची आवक अडखळली.

हे वाचून पालकांनी मुलाचे बूट माळ्यावर टाकावेत, असे मला सुचवायचे नाही. भांडवल बुडण्याची शक्यता असते म्हणून आपण दुकान टाकणे सोडत नाही. उधारी किती द्यायची आणि राखीव किती ठेवायची, हे आधी ठरवतो. फुटबॉलच्या कारकिर्दीलाही तीच शिस्त हवी. त्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कालावधीची. बँकेतील नोकरी ३५–३८ वर्षांची असते. व्यावसायिक खेळाडूची कमाई साधारण विसाव्या वर्षी सुरू होते आणि पस्तिशीच्या आसपास संपते. या १५ वर्षांच्या मिळकतीवर पुढची ४० वर्षे काढायची असतात. योगायोगाने आपल्याकडील सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, याची मुदतही १५ वर्षांचीच आहे. वर्षाला किमान ५०० आणि कमाल १,५०,००० रुपये त्यात भरता येतात. पहिला करार झाला त्याच वर्षी हे खाते उघडले, तर ते परिपक्व होते त्या सुमारास खेळाडू निवृत्त होतो. कंपनीच्या संघातील खेळाडूसाठी हे काम आस्थापना विभाग करीत असे. करारावर खेळणाऱ्याने ते स्वतःच केले पाहिजे.

दुसरी गोष्ट कराराची. आंतरराष्ट्रीय महासंघ फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार कमाल पाच वर्षांचा आणि १८ वर्षांखालील खेळाडूचा कमाल तीन वर्षांचा असू शकतो. क्लबने दोन महिन्यांचे वेतन थकवले, तर लेखी सूचना देऊन आणि किमान १५ दिवसांची मुदत देऊन खेळाडूला करार संपविण्याचा हक्क पोहोचतो. हे हक्क कागदावर आहेत. परंतु ते वापरण्यासाठी स्वतःच्या कराराची प्रत घरात असावी लागते. कर्जाचा अर्ज न वाचता सही करणारे ग्राहक मी आयुष्यभर पाहिले. मुलाच्या पहिल्या करारावर पालकांनी तशी सही करू नये. दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोणी करायचा आणि त्या काळातील वेतन मिळणार की नाही, ही दोन कलमे आधी वाचावीत.

तिसरी गोष्ट राखीव निधीची. खेळाडूच्या घरी किमान एक वर्षाचा खर्च बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत निराळा असला पाहिजे. २०२५ मध्ये ज्यांच्याकडे तो होता, त्यांना झोप लागली असेल. पहिल्या मोठ्या मोबदल्यावर मोटारगाडीचे कर्ज काढण्याचा मोह तरुणांना होतो. हप्ता साठ महिन्यांचा आणि करार चोवीस महिन्यांचा, हे गणित मांडून दाखविले की त्यांना ते कळते, असा माझा अनुभव आहे.

चौथी गोष्ट शिक्षणाची. बदलापूरपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर आहे. मुंबईत सकाळच्या सरावाला पोहोचायचे, तर मुलाला पहाटेच्या अंधारात लोकल गाठावी लागते, आणि दमून परतल्यावर पुस्तक हाती धरवत नाही. तरीही दहावी, बारावी आणि जमेल तशी, मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी पूर्ण करावी. रेल्वे, पोलीस, सेनादले आणि सार्वजनिक क्षेत्रांतील काही संस्थांत खेळाडूंसाठी भरती होते, आणि तेथे शैक्षणिक पात्रता पाहिली जाते. प्रशिक्षक व्हायचे असेल तर परवान्याच्या परीक्षा पायरीपायरीने द्याव्या लागतात, आणि खेळत असतानाच त्यांचा आरंभ करता येतो. बचावपटूला येथे एक लाभही आहे. सारे मैदान त्याच्या समोर असते आणि वर्षानुवर्षे तो इतरांना जागा दाखवत आलेला असतो. गोव्याचे महेश गवळी अनेक वर्षे भारतीय संघाच्या बचावात खेळले आणि पुढे देशाच्या युवा संघांचे प्रशिक्षक झाले, हे उदाहरण मुलांना सांगण्याजोगे आहे.

या चार गोष्टी सांभाळूनही प्रत्येक मुलगा राहुल भेके होणार नाही. आपल्या तिन्ही गावांतून मैदानावर जाणाऱ्या मुलांपैकी फार थोडे व्यावसायिक होतील. जे होणार नाहीत, त्यांनी काय मिळवले? माझ्या मते त्यांनी एक दुर्मीळ सवय मिळवली. आपल्या नावावर काहीही लिहिले जाणार नसताना जागा न सोडण्याची ती सवय आहे. दुकानाच्या गल्ल्यावर, कारखान्याच्या पाळीत, रुग्णालयात किंवा बँकेच्या काउंटरवर अशाच माणसांच्या भरवशावर बाकीचे निर्धास्त असतात.

तेव्हा पालकांना एक सुचवावेसे वाटते. पुढील हंगामात अंधेरीला मुंबई फुटबॉल अरेनात सामना असेल, तेव्हा मुलाला घेऊन एकदा जरूर जा. अंबरनाथ-बदलापूरहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने अंधेरी गाठता येते. मैदानात बसल्यावर पहिली पंधरा मिनिटे चेंडूकडे पाहू नका. कोणताही एक बचावपटू निवडा आणि केवळ त्याच्यावर नजर ठेवा. तो हाताने कोणाला खुणावतो, दोन पावले कधी पुढे येतो, चेंडू दुसऱ्या टोकाला असताना कोठे उभा राहतो, हे शेजारी बसलेल्या मुलाला विचारा. त्याला ते सांगता येईल, आणि बहुधा आपल्याला कोणी हे विचारील याची तो पुष्कळ दिवस वाट पाहत असेल.